आड कोण येतं?

इटलीत मजुरीला आलेल्या माणसाच्या तोंडी इथल्या भाषेतले पहिले शब्द 'बुओनजोर्नो' किंवा 'ग्रात्सिए' असतील असं कुणालाही वाटेल. माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी ते असतात 'नुल्ला ओस्ता'. विमानात बसण्याआधीच पाठ झालेले. जालंधर, होशियारपूरकडच्या घरांतून महिनोन्महिने याच दोन शब्दांची वाट पाहिली जाते, आणि फोनवर पहिली विचारपूस होते ती तब्येतीची नाही, 'नुल्लोस्ता आया?' अशी.

मी क्रेमोना जिल्ह्यात दुभाष्याचं काम करते. इथल्या कागदोपत्री माझं पद 'मेदिआत्रीचे', म्हणजे दोन बाजूंच्या मधली बाई. मूळची मी सांगलीकडची. माझ्या मराठीचा इथे कामापुरता उपयोग शून्य. हिंदी चालते आणि पंजाबी मी इथेच येऊन शिकले. पो नदीच्या खोऱ्यातला हा सगळा मुलूख गाईंचा. ग्राना पादानो चीजला लागणारं दूध इथल्या गोठ्यांतून निघतं. ते काढणाऱ्या माणसाला लोम्बार्दीत 'बेर्गामीनो' म्हणतात. पहाटेची आणि दुपारची अशा दोन धारा, सणवार नाही, रविवार नाही. स्थानिक पोरांनी हे काम सोडलं आणि पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी ते उचललं. २०११मध्ये पेस्सीना क्रेमोनेझे या लहानशा गावात त्यांनी गुरुद्वारा बांधला, तो युरोपातल्या मोठ्या गुरुद्वारांत गणला जातो. धुक्यात मक्याच्या शेतांमधून जाताना तो अचानक समोर येतो तेव्हा नवखा माणूस दचकतोच.

नुल्ला ओस्ता हा मुळात एक कागद. परदेशातून कामगार आणायचा तर अर्ज मालकाने करायचा असतो, प्रेफेत्तूरा या सरकारी कचेरीतल्या 'स्पोर्तेल्लो उनिको'कडे. शब्दशः एक खिडकी. आपल्याकडच्या एक खिडकी योजनांचा अनुभव असलेल्याला अधिक सांगायला नको. तिथून नुल्ला ओस्ता निघाला की मग व्हिसा, मग प्रवास, आणि पोचल्यावर पुन्हा त्याच खिडकीशी गाठ. पण कागद एवढ्यावर थांबत नाही. बायकामुलांना आणायचं, नुल्ला ओस्ता. मुलाची शाळा बदलायची, आधीच्या शाळेचा नुल्ला ओस्ता. इथे लग्न करायचं, आपल्या देशाच्या वकिलातीचा नुल्ला ओस्ता. अपघातात माणूस गेला तर सरकारी वकिलाच्या कचेरीतून नुल्ला ओस्ता निघेपर्यंत प्रेत शवागारातून हलत नाही. हा शेवटचा कागद मी हातात घेतलेला आहे. त्याचा मजकूर शाळेच्या कागदाइतकाच कोरडा असतो.

इतकी वर्षं हे दोन शब्द मी एकाच घासात गिळत होते. इटालियन लोकही तेच करतात. पुष्कळदा ते जोडून, एकच शब्द म्हणून लिहितात आणि त्याचं अनेकवचनही करत नाहीत. पण ते नाम नाहीच. ते एक अख्खं वाक्य आहे, कर्ता आणि क्रियापदासकट, हे मला संध्याकाळच्या वर्गात कळलं. बेर्गामीनोंसाठी इथे काही सेवाभावी मंडळी इटालियनचा वर्ग चालवतात. माझं काम मागच्या बाकावर बसून अडलेलं सांगण्याचं. शिकवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, आयुष्यभर 'लिचेओ क्लास्सिको'त म्हणजे लॅटिन-ग्रीकच्या शाळेत शिकवलेले. सगळे त्यांना 'प्रोफ' म्हणतात. एकदा कुणीतरी विचारलं की 'ओस्ता' म्हणजे काय, आणि प्रोफना जणू सुटीच मिळाली.

त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'ओब' आणि 'स्तारे'. लॅटिनमध्ये स्तारे म्हणजे उभं राहणं, ओब म्हणजे समोर, पुढ्यात. मिळून 'ओब्स्तारे', समोर उभं राहणं, म्हणून आड येणं. 'निहिल ओब्स्तात', काहीही आड येत नाही. त्याचंच इटालियन रूप 'नुल्ला ओस्ता'. मधला ब कुठे गेला? तो इटालियनच्या जिभेवर टिकत नाही. लॅटिन 'ओब्स्कूरुस'चं 'ओस्कूरो' झालं, 'ओब्सेर्वारे'चं 'ओस्सेर्वारे', 'सुब्स्तान्तिया'चं 'सोस्तान्त्सा'. त्याच चालीवर ओब्स्तारेचं ओस्तारे. 'ओस्ताकोलो' म्हणजे अडथळा हा त्याचा सख्खा, 'ओस्तिनातो' म्हणजे हट्टी हा चुलत घरचा. मग प्रोफनी दारूच्या गुत्त्याचं 'ओस्तेरीया', चर्चमधल्या प्रसादाचं 'ओस्तिया' आणि शत्रूपणाचं 'ओस्तीले' असे तीन शब्द लिहून तिन्हींवर काट मारली. दिसायला भावंडं, पण यांचं या घराशी काही नातं नाही. वर्गात त्या दिवशी फक्त ओस्तेरीयाबद्दल हळहळ व्यक्त झाली.

स्तारेमधला 'स्ता' म्हणजे आपला 'स्था'च. संस्था, व्यवस्था, अवस्था, उपस्थित या सगळ्यांच्या पोटात जो उभा आहे तो आणि रोमन माणूस ज्यावर उभा होता तो, धातू एकच. यात माझा शोध काही नाही, भाषा अभ्यासणाऱ्यांनी हे दोनशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय. पण 'उपस्थित'मध्ये माणूस जवळ उभा राहतो आणि 'ओब्स्तात'मध्ये समोर, एवढ्याच फरकाने एकीकडे हजेरी लागते आणि दुसरीकडे अडवणूक होते, याची मला तेव्हा गंमत वाटली.

गंमत ओसरली ती वाक्याच्या रचनेकडे लक्ष गेल्यावर. कर्ता कोण? 'नुल्ला', म्हणजे काही नाही. 'परवानगी देण्यात येत आहे' असं तो कागद म्हणत नाही. कुणी काही दिलेलंच नाही; फक्त आड काही दिसलं नाही, एवढंच. आपल्या ना हरकत प्रमाणपत्रात निदान 'या ग्रामपंचायतीची हरकत नाही' असं म्हटलेलं असतं. हरकत कुणाची तरी असते. उद्या भांडायचं झालं तर कुणाशी भांडायचं ते ठाऊक असतं. इटालियन कागदात माणूसच नाही. सही असते, गोल शिक्का असतो, १६ युरोंचं तिकीट चिकटवलेलं असतं, पण वाक्याच्या आत शोधाल तर कुणी सापडायचं नाही.

आणि हरकत हा आपला शब्दही काही सरळ चालीचा नाही. अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. तिकडून फारसीमार्गे येताना हिंदी-पंजाबीत त्याची खोडी झाली आणि मराठीत अडचण, आक्षेप. लॅटिनने अडवण्यासाठी उभं राहणं निवडलं आणि आपण हलणं. माझ्या धंद्यात याचा परिणाम एवढाच की 'काही हरकत नाही' हे माझ्या जिभेवर सदैव तयार असणारं वाक्य पंजाबी माणसापुढे उपयोगाचं नाही. तिथे 'एतराज़' म्हणावं लागतं.

नुल्ला ओस्ता मिळतो तेव्हा तो कुणी वाचत नाही. पेढे वाटले जातात. क्रियापद अंगावर येतं ते न मिळाल्यावर. इटलीत १९९०चा एक कायदा आहे, २४१ क्रमांकाचा, सरकारी कारभार कसा चालवावा याचा. त्यात २००५मध्ये '१० बिस' हे कलम घालण्यात आलं. अर्ज नाकारायचा असेल तर कचेरीने आधी कारणं कळवायची आणि अर्जदाराला उत्तरासाठी १० दिवस द्यायचे. कलम चांगलं आहे, मी त्याच्या बाजूची आहे. त्याने कित्येक घरं वाचली आहेत. पण त्या पत्राचं नाव आहे 'मोतीवी ओस्तातीवी'ची सूचना, म्हणजे आड येणाऱ्या कारणांची. 'नुल्ला' गळून पडलेला आणि 'ओस्ता' तेवढा उरलेला.

असं एक पत्र घेऊन एक बेर्गामीनो आला होता. पन्नाशीला टेकलेला. पत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत, कारण तो थेट गोठ्यातून आला होता. बायको आणि दोन मुलं, एक सोळा वर्षांची आणि एक पंधराचा, यांना आणण्याचा अर्ज होता. उत्पन्न पुरेसं होतं. अडलं होतं घरावर. कुटुंब आणायचं तर राहतं घर पुरेसं आहे असा नगरपालिकेचा दाखला लागतो, आणि माप ठरलंय १९७५च्या एका सरकारी आदेशाने: पहिल्या चार माणसांना माणशी १४ चौरस मीटर. चौघांचे झाले ५६. मालकाने गोठ्याच्या आवारात दिलेल्या त्याच्या घराचं माप चार चौरस मीटरने कमी भरत होतं.

मी पत्र वाचून दाखवलं. 'ओस्तातीवी' आल्यावर त्याने अर्थ विचारला. मी पंजाबीत सांगितलं की काहीतरी पुढे उभं आहे, रस्ता अडवून. तो जरा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पर दीदी, खलोता कौण ए?" उभं कोण आहे? मी म्हटलं, चार चौरस मीटर. त्याने दोन्ही हात पसरून टेबलाभोवती अंदाज घेतला. एवढं? एवढंच.

मग पुढची धावपळ. मालक कडक पण सरळ होता. शेजारची अवजारांची खोली त्याने लिहून द्यायची तयारी दाखवली. खोलीला खिडकी होती आणि उंचीही नियमात बसत होती, ही नशिबाची गोष्ट. नगरपालिकेचा तंत्रज्ञ आला. त्याच्या हातातल्या यंत्रातून निघालेला लाल ठिपका भिंतीवर वाळत घातलेल्या पगडीच्या कापडावर पडला. तो म्हणाला, कापड काढा, माप भिंतीपर्यंत घ्यायचंय. कापड काढलं. आकडा आला. नवा दाखला हातात पडायला वेळ लागणार होता, म्हणून दाखल्याच्या अर्जाची पोच जोडून दहाव्या दिवशी सकाळी आम्ही उत्तर पाठवलं. पुढे नुल्ला ओस्ता निघाला. त्यात खोलीचा उल्लेख नव्हता, मालकाचा नव्हता, कापडाचा तर नव्हताच. काही आड येत नाही, एवढंच.

परक्या भाषेतल्या आड येणाऱ्या शब्दांनी गांजलेला माणूस इटालियन साहित्यात फार आधी येऊन गेला आहे. मान्झोनीच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीतला रेन्झो हा साधा रेशीम कातणारा. लग्न लावायला घाबरलेला पाद्री त्याला धर्मशास्त्रातली विवाहाची विघ्नं लॅटिनमधून घडाघडा म्हणून दाखवतो आणि रेन्झो त्या लॅटिनवर भडकतो. इथली मुलं ही कादंबरी शाळेत वाचतात, बऱ्याचदा जांभया देत. पण नगरपालिकेच्या विवाह खिडकीशी एखादं जोडपं घेऊन उभी राहिले की मला रेन्झो हटकून आठवतो. परदेशी माणसाने आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे या लग्नाला 'नुल्ला ओस्ता' असा कागद आणावा, हे शब्द १९४२च्या दिवाणी संहितेच्या ११६व्या कलमात आहेत. खिडकीतली बाई घाबरट पाद्री नसते. तिला फक्त तो कागद हवा असतो.

मूळचा 'निहिल ओब्स्तात' चर्चने जपला. पुस्तक छापण्याआधी धर्मपरीक्षक ते तपासून हे दोन शब्द लिहितो आणि मग बिशप 'इम्प्रिमातुर', छापायला मोकळीक, असं म्हणतो. असल्या मोकळिकीवर फार विसंबू नये. गॅलिलिओचा 'दियालोगो' १६३२मध्ये फ्लोरेन्सला छापला गेला तो रीतसर परवानग्यांसकट, त्या पुस्तकातच छापलेल्या आहेत. पुढच्या वर्षी पुस्तकावर बंदी आली आणि लेखकाला गुडघे टेकायला लावलं. माझ्या लोकांना हे कळायला गॅलिलिओची गरज नाही. २०२२मध्ये एक हुकूम निघाला: ठरल्या मुदतीत अडथळ्याची माहिती जमा झाली नाही तरी कामाचा नुल्ला ओस्ता देऊन टाकावा, आणि नंतर काही 'ओस्तातीवो' सापडलं तर तो रद्द करावा. म्हणजे आड काही नाही याचा अर्थ अजून कुणी पाहिलेलं नाही असाही होऊ शकतो. शेत विकून, कर्ज काढून आलेल्या माणसाला हा फरक समजावणं माझ्या वाट्याला येतं. त्या दिवशी मला जेवण जात नाही.

हे सगळं इतकं शिक्क्याफायलींचं असूनही या क्रियापदाबद्दल मला जिव्हाळा वाटतो, त्याला कारण प्रसूतिगृह. इटालियनमध्ये सुईणीला 'ओस्तेत्रिका' म्हणतात. लॅटिन 'ओब्स्तेत्रिक्स'. हीसुद्धा ओब्स्तारेच्याच घरची, समोर उभी राहणारी. जुना, गावातला शब्द 'लेवात्रीचे', म्हणजे उचलून घेणारी. पण आज दवाखान्याच्या दारावर ओस्तेत्रिकाच लिहिलेलं असतं. इथे सरळ बाळंतपण सुईणच पार पाडते, डॉक्टर गरज पडली तरच.

पंजाबी बाई अडली आणि नवरा धारेवर असला की मला बोलावतात. माझी जागा डोक्याशी. ओस्तेत्रिकाची पायांशी, समोरासमोर. एका रात्री जी होती ती साठीजवळची, बुटकी, बाह्या कोपरापर्यंत सारलेली, चष्मा दोरीने गळ्यात. ती 'स्पिंगा' म्हणायची, मी बाईच्या कानाशी 'ज़ोर ला भैणे' म्हणायची. ती 'रेस्पीरी' म्हणायची, मी 'साह लै'. थोड्या वेळाने माझी गरज संपली. बाई माझ्याकडे बघेचना, तिची नजर समोर खिळलेली. ओस्तेत्रिका काही बोलायच्या आधीच ती समजून घेत होती, भुवई वर गेली की जोर, हात आडवा झाला की थांब. पहाटे मुलगी झाली. ओस्तेत्रिकाने दोन्ही हातांत घेतली, पालथी केली, पाठ चोळली, आणि रडू आल्यावर मला म्हणाली, आता हिला सांगा, चहा मिळेल पण आपल्या दवाखान्याचा चहा म्हणजे नुसतं पाणी. मी ते भाषांतरित केलं. बाई दमलेली होती तरी हसली.

प्रोफना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक पुरवणी जोडली. हेच ओब्स्तारे आल्प्स ओलांडून फ्रान्सात गेलं आणि 'ओते' झालं, त्याचा अर्थ काढून टाकणं, दूर करणं. तिथून नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात जाऊन 'आउस्ट' झालं, हुसकावणं. एकाला अडवायचं, मग त्याच्याकडचं काढून घ्यायचं, मग त्यालाच घालवायचं, हा क्रम कुठल्याही कचेरीत दिसतो असं मी म्हटलं. प्रोफना ते फारसं आवडलं नाही. त्यांच्या मते अर्थ असे रांगेत चालत नाहीत. असेल.

इटालियनमध्ये मात्र 'मी ओस्तो', 'तू ओस्ती' असं म्हणताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. शब्दकोशात रूपं आहेत, तोंडात नाहीत. क्रियापद शिल्लक राहिलं ते नकाराच्या आधाराने: नुल्ला ओस्ता, आणि दुसरं 'नोनोस्तान्ते', म्हणजे असूनही, तरीही. हा शब्द मात्र जिवंत आहे, बाजारात, बसमध्ये, भांडणात. वर्गातल्या बेर्गामीनोंनाही तो लवकर आवडला. परवान्यासाठी जी भाषेची परीक्षा द्यावी लागते तिच्या तयारीत प्रत्येकाने या शब्दाचं एक वाक्य करायचं होतं. घराचं माप कमी भरलेला तो माणूसही तिथे होता. त्याने लिहिलं: 'नोनोस्तान्ते ला नेब्बिया, वादो आल लावोरो.' धुकं असूनही मी कामाला जातो.

वाक्य बिनचूक होतं. प्रोफ खूश झाले आणि त्यांनी फोड करून सांगितली. 'नोन ओस्तान्ते', आड न येणारं. म्हणजे तुझ्या वाक्याचा मूळ अर्थ असा की धुकं आड न येता मी कामाला जातो. मी ते पंजाबीत सांगितलं. तो खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, असं नाही. धुकं आड येतंच. पहाटे चारला समोरचं चाक दिसत नाही, मागच्या आठवड्यात सायकलसकट कालव्याच्या कडेला पडलो. आड येतं आणि मी जातो, दोन्ही.

प्रोफनी खडू खाली ठेवला. अंधारात गावाबाहेर सायकल चालवताना चमकणारं जाकीट घालणं कायद्याने बंधनकारक आहे, तेवढं तरी घालत जा, असं त्यांनी मला सांगायला सांगितलं. तो म्हणाला, आहे माझ्याकडे. पण ते घालून गोठ्यात शिरलं की गाई बुजतात.